चार बुशांसाठी पाच दिवस

लोक काश्मीरला जाऊन येतात, केरळला जाऊन येतात आणि त्यावर लिहितात. मी पिंपरी-चिंचवडला जाऊन आले. त्यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. मला पाच-सहा लोकांना दोन शब्द सुनवायचे आहेत आणि या वयात एकेकाला गाठत फिरणं जमणार नाही, म्हणून लिहून मोकळी होते.

मी कराडची. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. वय सदुसष्ट. माझ्याकडे एक जुनी गाडी आहे. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण नाव घेतलं की ऐकणाऱ्याच्या मामाकडे तश्शीच एक होती, हे सुरू होतं. ही गाडी मामाची नाही, नवऱ्याची नाही, माझी आहे. बत्तीस वर्षांपूर्वी मी ती दवाखान्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतली, स्टँडमागच्या मैदानात स्वतः शिकले आणि तेव्हापासून 'जरा सोडता का' असं कुणाला विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या पासिंगची वेळ आली. आरटीओतल्या तरुण साहेबांनी जॅक लावून पुढचं चाक उचललं, दोन्ही हातांनी धरून हलवलं. पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखं ते हललं. बुश संपलेत, सोमवारपर्यंत करून आणा, नाही तर पासिंग होणार नाही, एवढं सांगून ते पुढच्या गाडीकडे गेले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पासिंग नाही म्हणजे गाडी रस्त्यावर नाही, आणि गाडी नाही म्हणजे मी घरात. हिशेब सरळ होता.

बुश म्हणजे मधोमध लोखंडी नळी असलेलं रबरी कडं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे जे लोखंडी हात असतात, त्यांच्या सांध्यात ते बसतं. आपल्या गुडघ्यात कूर्चा असते तसंच. आमच्या बशीरभाई मिस्त्रींनी दोन वर्षांत तीनदा बाजारातले रबरी बुश घालून पाहिले. चार महिन्यांत त्यांचा चुरा होतो. पाकिटावर मात्र 'ओरिजिनल' छापलेलं असतं. ज्यानं ते छापलं त्याला माझ्या वॉर्डात आठ दिवस ठेवायला हवं होतं. शेवटी बशीरभाईंनीच सांगितलं की चिखलीला एक जण पीयूचे बुश ओतून देतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. शौकीन लोक जुन्या आणि पळवायच्या गाड्यांना तेच घालतात.

माझा मुलगा अमेय रावेतला राहतो. त्याला फोन केला तर दोन वर्षं म्हणतोय तेच तो म्हणाला, आई, आता पुरे, स्क्रॅपला दे. मी फोन ठेवला आणि बॅग भरली.

बुधवार, रावेत

हायवेनं मी पन्नासच्या वर गेले नाही. जाऊ शकतच नव्हते, स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपल्या मनानं ट्रककडे बघायला जायची. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवायचा आणि ओव्हरटेक करताना आत कोण बसलंय ते वाकून बघायचा. बाई दिसली की त्यांचं समाधान होत असावं.

रावेतला पोचले तर मुलाच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. कोणाकडे जायचंय, ओटीपी सांगा. मी म्हटलं, मी त्याला जन्म दिलाय, मला ओटीपी लागत नाही. त्याला ते पटलं नाही. अमेय मीटिंगमध्ये होता, फोन उचलेना. वीस मिनिटं मी फाटकाबाहेर उभी. कराडला माझ्या दारात अनोळखी माणूस आला तरी त्याला आधी पाणी मिळतं.

आत गेल्यावर निराळंच नाटक. गाडीतून ऑइलचे चार थेंब पडले तर सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टनं खाली आले, फोटो काढून गेले. अमेयनं खाली पुठ्ठा अंथरला. मला वाटलं, आता तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, बघ, मी सांगत होतो ना.

गुरुवार, चिखली

सकाळी आठला निघाले. बशीरभाईंनी सांगितलेली शेड शोधत गल्लीबोळातून गेले तर एकजात सगळी शटरं खाली. लेथ बंद, प्रेस बंद, चहाची टपरीसुद्धा बंद. मला वाटलं कुणी मोठं माणूस वारलं.

शेडच्या समोर बंगल्याच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरं धोतर, हातात भारीतला मोबाइल. त्यांना सगळे तात्या म्हणतात हे मागून कळलं. ही सगळी जागा पूर्वी त्यांचं शेत होती, आता तिथं त्यांच्या नऊ शेडी आहेत. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागं.

"मालक कुठं हायत?"

"मीच मालक."

"व्हय का," म्हणाले आणि बराच वेळ त्यावर विचार केला. मग म्हणाले, "आज बिस्तरवार हाय. हितं समदं बंद आस्तंय."

तर गोष्ट अशी, की या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. कधीकाळी विजेच्या टंचाईत वार वाटून दिले होते. इकडच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो तसाच राहिला. लाखो माणसं रविवारी कामाला जातात आणि गुरुवारी लग्नकार्यं उरकतात. मला याची तक्रार नाही. माझी तक्रार अशी, की माझा मुलगा अठरा वर्षं इथं राहतो आणि त्याला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, आमचं शनिवार-रविवार असतं. दहा किलोमीटरवर दुसरं कॅलेंडर चालतं आणि याला पत्ता नाही.

तात्यांनी मात्र मला उपाशी परत पाठवलं नाही. त्यांच्या सूनबाईंनी मासवडी केली होती, बेसनाच्या वळकटीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर काळा रस्सा. आमच्याकडचा अख्खा मसूर याच्यापुढे साधा वाटला, हे कराडच्या लोकांनी माझ्या तोंडावर म्हणू नये. तात्या जेवताना म्हणाले की बुशवाला दिलीप सरळ माणूस आहे, एकदा सांगितलं की सांगितल्याबरहुकूम करतो. मला बरं वाटलं. त्या वाक्यात काय भरलंय हे तेव्हा कळलं असतं तर माझा एक दिवस वाचला असता.

शुक्रवार, चिखली आणि चाकण

दिलीप पंचेचाळिशीचे. शेड लहान, पण आमच्या ऑपरेशन थिएटरइतकी स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं, बाजूला मापं घ्यायची हत्यारं ओळीनं मांडलेली. वडील कंपनीत भट्टीवर होते. हे स्वतः वीस वर्षं चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात, मग नोकरी सोडून हे सुरू केलं. मला माणूस एकदम आवडला. पहिलाच असा भेटला, ज्यानं साहेब कुठं आहेत हे विचारलं नाही.

शेजारच्या शेडमधल्या मिस्त्रीनं माझ्या गाडीतला एक जुना बुश काढला. दिलीपनी तो पुसला आणि अर्धा तास मापत राहिले. बाहेरून, आतून, उंची, भोक. एकेक आकडा कागदावर. मग कडकपणाविषयी बोलले. पीयू हवं तितकं कडक ओतता येतं, आणि हौशी पोरं सगळ्यात कडक मागतात. तुमच्या गाडीला मऊच बरं, नाही तर पाठ धरेल, असं म्हणाले. शेवटी कागदाला एक पिवळा टॅग लावून माझ्यापुढे केला. इथं सॅम्पल मंजूर, अशी सही करायची. आमच्याकडे मिस्त्री आधी चहा पाजतो आणि मग गाडीखाली जातो, इथं आधी सही. मी केली. वाचलं नाही. मेट्रन माणूस दिवसाला शंभर सह्या करतं, हात आपोआप चालतो.

बुशाच्या आतल्या लोखंडी नळ्या चाकणच्या एका लेथवाल्याकडून आणायच्या होत्या. माझी गाडी तर उघडी पडलेली. दिलीपचं एक गिऱ्हाईक, प्रतीक नावाचा तिशीचा मुलगा, सेकंड शिफ्टला चाकणला निघाला होता. तो म्हणाला, मावशी, चला की माझ्यासोबत, येताना कंपनीची बस सोडेल.

त्याची गाडी जमिनीला टेकलेली आणि तिला सगळीकडे दिलीपचे सगळ्यात कडक बुश. मी आयुष्यात अँब्युलन्समधून खूप फिरले, पण असा प्रवास केला नाही. रस्त्यावर पडलेली सुपारीसुद्धा ढुंगणाला कळत होती. प्रतीक मात्र खुशीत. वळणावर बघा मावशी कशी पकडते, म्हणत होता. वळण कुठलं, आम्ही मोशीपासून कंटेनरच्या मागे उभे होतो. इंद्रायणी ओलांडायला पाऊण तास, चाकणच्या चौकात आणखी तेवढाच. मी विचारलं, बाळा, ही गाडी तू पळवतोस कुठे? तो म्हणाला, "गुरुवारी पहाटे, मावशी. लोणावळ्याला." आठवड्यातून दोन तासांसाठी पोरगा सहा दिवस मणके झिजवतो आहे. त्याच्या आईला हे माहीत असेल का, कोण जाणे.

मी लेथवाल्याकडून नळ्या घेतल्या तेव्हा चाकणला शिफ्ट सुटत होती. एका फाटकातून करड्या गणवेशातल्या मुली बाहेर पडल्या, पायात जाड बूट, गळ्यात ओळखपत्रं. टपरीवर उभ्या-उभ्या पोहे खाऊन, लातूर-नांदेडकडच्या बोलीत एकमेकींची खेचत बसमध्ये चढल्या. आमच्या नर्सेस रात्रपाळी करून अशाच निघायच्या. मी त्यांच्याकडे बघत दोन प्लेट पोहे खाल्ले. त्या दिवशी मी कुणावर चिडले नाही, अशी तेवढीच पंधरा मिनिटं.

शनिवार, स्पाइन रोड

बुश रात्रभर दिलीपच्या भट्टीत शिजले होते. सकाळी बघितले, मधाच्या रंगाचे, नितळ. मिस्त्रीनं ग्रीस लावून चारही बसवले. मी मोठ्या थाटात स्पाइन रोडला गाडी काढली आणि ती सरळ उजवीकडे दुभाजकाकडे निघाली. ब्रेक लावला तर डावीकडे. पूर्वी निदान भरकटायची, आता ओढत होती. एका रिक्षावाल्यानं मला जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. त्याचं बरोबर होतं.

मी परत आले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. शेडमध्ये चार माणसं होती, ती हळूच बाहेर सरकली. मी दिलीपना म्हटलं, हे काय करून ठेवलंत? ते एक बुश काढायला लावून मापायला बसले. सगळी मापं कागदाशी ताडली. मग कागद माझ्याकडे वळवून शांतपणे म्हणाले, "मॅडम, सॅम्पलप्रमाणे आहे. पॉइंट वनचाही फरक नाही."

मी बुश हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग म्हटलं, "दिलीप, भोक मधोमध नाही."

"सॅम्पलमध्येही नव्हतं. अडीच मिलिमीटर खाली होतं. कागदावर लिहिलंय."

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझा जुना बुश गाडीचं वजन पेलून-पेलून एका अंगाला बसला होता, म्हणून भोक खाली सरकलेलं. ते सरकलं होतं म्हणूनच तर तो बदलायचा होता. आणि या गृहस्थांनी तो आजार जसाच्या तसा मापून, साचा करून, चार वेळा नव्यानं ओतला होता. मिस्त्रीनं ते चारही हाताला येतील तसे बसवले, एकाचं भोक वर, दुसऱ्याचं आडवं. चाकांनी चार दिशांना तोंडं केली होती.

मी बोलायला लागले ते थांबेचना. लंगडणाऱ्या पेशंटचा एक्स-रे बघून डॉक्टरनं दुसरा पायही तसाच करावा, असं झालं हे. वीस वर्षं क्वालिटीत काय केलंत? दिलीपही तापले. आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले.

"वीस वर्षं हेच केलं, मॅडम. ड्रॉइंग वरून येतं, सॅम्पल वरून येतं. आपण जुळवायचं. स्वतःच्या डोक्यानं आकडा बदलला म्हणून माझ्यासमोर एकाला घरी पाठवलंय." मग त्यांनी पिवळा टॅग उचलला. "आणि हे तुम्ही मंजूर केलंय."

टॅगवर माझी सही होती. लफ्फेदार, मेट्रनची. ती नाकारायची सोय नव्हती, याचाच सगळ्यात जास्त राग आला.

मी म्हटलं, ठीक आहे, भोक मधोमध घेऊन पुन्हा ओता. ते म्हणाले, ड्रॉइंग द्या. मी म्हटलं, मधोमध म्हणजे मधोमध, त्याला ड्रॉइंग कशाला? ते म्हणाले, ड्रॉइंगशिवाय माझा हात चालणार नाही. तो माणूस माझ्याशी भांडत नव्हता, त्याला खरंच जमत नव्हतं. मी आकडे टाकून देते म्हटलं तर म्हणाले, कुणी इंजिनिअर नाही का तुमच्यात?

होता. रावेतला, सोफ्यावर, सुट्टी घेत.

अमेय चार वर्षं मेकॅनिकल शिकला, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये लागली, पेन्सिल पुन्हा हातात धरली नाही. मी फोनवर त्याला एवढंच म्हटलं की अर्ध्या तासात चिखलीला ये आणि येताना चष्मा आण. तो आला. कुरकुर करत आला. दिलीपनी त्याला कागद, पट्टी, कंपास दिला. पहिल्यांदा त्यानं कंपास उलटा धरला. पण मग दोघं बोलायला लागले. रबर आणि पीयूत फरक काय, रबर पिळवटतं आणि पीयू नळीवर फिरतं, म्हणून जागा किती सोडायची. तासाभरात माझं त्यांच्यात काही काम उरलं नाही. एका वर्तुळात दुसरं वर्तुळ, मधून जाणाऱ्या दोन रेघा. दिलीपनी ते दिव्याखाली धरून बघितलं, अमेयची सही घेतली आणि लगेच साच्याला हात घातला. या वेळी मी आकडे वाचले. दोनदा.

रविवार, पुन्हा स्पाइन रोड

दुपारी नवे बुश बसले. पहिली फेरी अमेयनं मारली, मी बाजूला. स्टिअरिंगवरून त्यानं हात जरा सैल केले, गाडी सुतासारखी सरळ. खड्डा आला तर एकच हलका धक्का आणि संपलं. पाच किलोमीटर तो खड्डे शोधून-शोधून त्यांवरून गाडी घालत राहिला. मला वाटलं, आता तरी कबूल कर की स्क्रॅप स्क्रॅप म्हणत होतास ते चुकलं.

त्यानं गाडी कडेला घेतली. म्हणाला, "गाडीचं नव्हतं गं. गाडी चांगलीच आहे."

"मग?"

"तुझं वाटतं. बुधवारी तू आलीस तेव्हा तुझे हात थरथरत होते. हायवेला तुला काही झालं तर मला कुणाचा फोन येणार?"

खरं सांगते, त्या क्षणी मला जो राग आला तो पाकीटवाल्याचा, वॉचमनचा, सेक्रेटरीचा, सगळ्यांचा मिळूनही तेवढा आला नव्हता. म्हणजे दोन वर्षं गाडी, गाडी करत हा माझ्याविषयी बोलत होता. डबडं मी होते. मी म्हटलं, हात थरथरत होते कारण चार तास मी ते चाक धरून ठेवलं होतं. आणि तुला भीती माझी वाटते तर माझ्या तोंडावर बोल, त्या मुक्या जनावरावर काय ढकलतोस? तो म्हणाला, तुझ्या तोंडावर कोण बोलणार. शेजारून कंटेनर जात राहिले.

मग मी म्हटलं, उद्या रजा काढ. कराडपर्यंत बाजूला बस आणि बघ. मला जमत नाही असं तुला कुठंही वाटलं, एका जागी जरी वाटलं, तर किल्ली तुझी. पासिंग झालं तरी तुझी.

बोलून गेले खरी. पण शब्द दिला तो दिला.

सोमवार, कराड

पहाटे निघालो. दिलीपनी आदल्या दिवशीच ग्रीसची डबी दिली होती आणि सांगितलं होतं, कुरकुर वाजली तर लावा, बाकी काही लागणार नाही. अमेय लॅपटॉपची बॅग पायाशी ठेवून ताठ बसला होता. त्याची नजर सारखी माझ्या हातांवर. माझ्या परीक्षेला इतका गंभीर परीक्षक नर्सिंग कॉलेजातही नव्हता. मी प्रत्येक आरसा बघितला, प्रत्येक वळणाला इंडिकेटर दिला. खेड शिवापूरपर्यंत मान अवघडून गेली. पण गाडी, काय सांगू, जिथं बघेन तिथं जात होती.

खंबाटकीचा घाट आला. माझी खरी कसोटी तिथंच. उसाचे ट्रॅक्टर, पुढे बंद पडलेला ट्रक, वळणावर खडा चढ. मी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आले, एकदाही न थांबता, एकदाही मागं न सरकता तो ट्रक ओलांडला. असा घाट मी उभ्या आयुष्यात चढले नव्हते. माथ्यावर पोचून मोठ्या अभिमानानं शेजारी बघितलं.

चिरंजीव झोपले होते. मान काचेला टेकलेली, तोंड उघडं, चक्क घोरत होता. ज्याला दाखवायला एवढा घाट घातला त्यानं घाटच बघितला नाही. असा संताप आला की हॉर्न वाजवणार होते. पट्टा त्याच्या गळ्याला लागत होता, तो एका हातानं सैल केला आणि पुढे निघाले.

आरटीओत पोचलो तरी तो झोपलेलाच. तेच तरुण साहेब आले. जॅक लावला, चाक उचललं, दोन्ही हातांनी हलवलं. पुन्हा हलवलं. खाली वाकून मधाच्या रंगाचा बुश बघितला आणि कागदावर सही केली. पाच वर्षं. मग त्यांना काचेला चिकटलेला चेहरा दिसला.

"हे कोण?"

"माझा मुलगा. मला गाडी चालवता येते का, ते बघायला पुण्याहून आलाय."

साहेबांनी वाकून त्याच्याकडे नीट बघितलं. "मग काय म्हणाले?"

"अजून उठला नाही," मी म्हटलं.